आधी पडणे शिकवणारे आचार्य : जिगोरो कानो

मराठीत पडण्याविषयीच्या म्हणी थोड्या नाहीत. चढेल तो पडेल ही सावध करणारी, तर पडलो तरी नाक वर ही अहंकाराची थट्टा करणारी. पडलेल्याला हसणे, त्याला सावरणे, पडल्यावर पुन्हा उभे राहणे या साऱ्यांसाठी आपल्या भाषेत शब्द आहेत. पडावे कसे, हे मात्र कोणी सांगितलेले सहसा आढळत नाही. पडणे ही शिकण्याजोगी गोष्ट आहे आणि ती पहिल्या दिवशीच शिकवली पाहिजे, या विचारावर ज्यांनी आपली सारी शिक्षणपद्धती उभारली, ते जपानचे जिगोरो कानो. जग त्यांना ज्युदोचे जनक म्हणून ओळखते. व्यवसायाने आणि वृत्तीने मात्र ते शिक्षक होते, आणि आयुष्यातील दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी शिक्षणसंस्थांच्या प्रमुखपदी व्यतीत केला.

कानो यांचा जन्म 1860 साली आजच्या कोबे शहरात समाविष्ट असलेल्या मिकागे या गावी झाला. तांदळापासून साके हे मद्य बनवणाऱ्या घराण्यांसाठी हे गाव प्रसिद्ध होते, आणि कानो यांचे घराणे त्यांपैकीच एक होते. वडिलांना शिक्षणाची ओढ होती. जिगोरो लहान असतानाच आईचे छत्र हरपले आणि त्यानंतर वडिलांनी त्यांना शिक्षणासाठी तोक्योला नेले. जपानमध्ये तो मोठ्या उलथापालथीचा काळ होता. 1868 च्या सत्तांतरानंतर सामुराईंचे युग संपले होते आणि पाश्चात्त्य विद्येचे वारे वाहू लागले होते. कानो इंग्रजीत आणि अभ्यासात हुशार होते. पण शरीराने अगदी किरकोळ. प्रौढपणीही त्यांची उंची पाच फूट दोन इंचांच्या आसपासच होती. वसतिगृहातील दांडग्या मुलांनी या बुद्धिमान पण दुबळ्या मुलाला पुष्कळ छळले. अंगाने लहान असलेल्यालाही बलवानाला हरवता येईल अशी जुजुत्सु नावाची एक जुनी विद्या आहे, असे त्यांच्या कानावर आले होते. ती शिकण्याची इच्छा त्यांनी घरी बोलून दाखवली. परंतु ती विद्या आता कालबाह्य झाली आहे, असे सांगून वडिलांनी नकार दिला.

विद्यापीठात गेल्यावर कानो यांनी स्वतःच गुरूचा शोध सुरू केला. त्यांना एक धागा ठाऊक होता. सामुराईंचा आश्रय संपल्यावर जुजुत्सुचे अनेक जाणकार हाडवैद्य बनले होते. कुस्तीच्या आखाड्यातील वस्ताद जसा उखळलेला सांधा बसवतो, तसेच हे लोक मोडलेली हाडे बसवून चरितार्थ चालवीत. एका हाडवैद्याकडून दुसऱ्याकडे, असे करीत 1877 साली ते फुकुदा हाचिनोसुके या गुरूंपर्यंत पोहोचले.

फुकुदांची शिकवण जुन्या वळणाची होती. एखादा डाव नेमका कसा चालतो, हात कोठे ठेवायचा, पाय केव्हा टाकायचा, असे कानो यांनी विचारले की गुरू त्यांना धरून जमिनीवर आपटत. पुन्हा प्रश्न विचारला की पुन्हा आपटत. शेकडो वेळा पडल्यावर आपोआप समजेल, अशी त्यामागची धारणा होती. कानो यांच्या अंगावर कायम ओरखडे असत, मलमाच्या पट्ट्या असत, आणि त्या मलमाच्या उग्र वासावरून सहाध्यायी त्यांची चेष्टा करीत. त्या काळी त्यांनी वापरलेला, जागोजागी फाटलेला आणि ठिगळे लावलेला सरावाचा सदरा तोक्योच्या कोदोकान संस्थेच्या संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.

या दुखण्यातून त्यांनी दोन बोध घेतले. पहिला असा की, सराव हवाच. त्याला पर्याय नाही. दुसरा असा की, ज्याची मीमांसा करता येते ते न सांगता केवळ आपटत राहणे हे शिकवणे नव्हे. पहिल्या बोधातून खेळाडू घडला आणि दुसऱ्यातून शिक्षक.

फुकुदा यांचे 1879 मध्ये निधन झाले. त्यानंतर कानो यांनी इसो मासातोमो यांच्याकडे आणि पुढे कितो परंपरेतील इइकुबो त्सुनेतोशी यांच्याकडे अध्ययन केले. प्रत्येक परंपरेतील चांगले ते घ्यायचे, पारखायचे आणि त्यामागचे तत्त्व शोधायचे, ही त्यांची रीत होती. एका धिप्पाड सहकाऱ्यावर मात करता येईना, तेव्हा त्यांनी ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीवरील पुस्तके चाळली आणि प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर आडवा घेऊन चाकाप्रमाणे फिरवून टाकण्याचा डाव तयार केला. पुढे एकदा इइकुबो गुरूंशी सराव करताना कानो यांच्या ध्यानात आले की, स्थिर उभ्या माणसाला बळाने पाडता येत नाही; आधी त्याचा तोल मोडावा लागतो, मग थोडे बळही पुरते. तोल कसा जातो याचा असा बारकाईने विचार करणाऱ्याला, तोल गेल्यावर काय होते याचाही विचार करणे भागच होते.

फेब्रुवारी 1882 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, कानो यांनी तोक्योतील एइशोजी या बौद्ध मंदिरातील जागा भाड्याने घेऊन कोदोकान ही संस्था सुरू केली. बारा तातामी, म्हणजे सुमारे 20 चौरस मीटर एवढीच सरावाची जागा. तातामी म्हणजे दाबून बसवलेल्या पेंढ्यावर गवताची विणकाम केलेली जाड चटई. पहिल्या वर्षी अवघे नऊ शिष्य होते. त्यांच्या सततच्या पडण्याने मंदिराची तक्तपोशी हादरे, मृतांच्या नावांच्या पूजेतील पाट्या जागेवरून हलत, आणि मठाधिपती त्रस्त होत. मोडलेल्या फळ्या दुरुस्त करण्यासाठी रात्री दिवा घेऊन स्वतः कानो जमिनीखाली शिरत. दिवसा अध्यापन, संध्याकाळी सराव आणि उरलेल्या वेळात भाषांतरे करून संस्थेचा खर्च चालवणे, असा त्यांचा दिनक्रम होता.

आपल्या विद्येला त्यांनी जुजुत्सु न म्हणता ज्युदो म्हटले. ज्यु म्हणजे मृदुता, नमते घेण्याची हातोटी. दो म्हणजे मार्ग. नुसती कसब शिकवणारी कला नव्हे, तर माणूस घडवणारा मार्ग, असा हा भेद होता. शरीराला कायमची इजा करणारे जुने डाव त्यांनी मुक्त सरावातून वगळले. आणि सुरुवातीलाच ठेवला तो उकेमीचा धडा.

उकेमी म्हणजे सुरक्षितपणे पडण्याची रीत. जुन्या परंपरांतही तिचे काही प्रकार होते. परंतु प्रत्येक नवशिक्याला डाव शिकवण्यापूर्वी पायरीपायरीने उकेमी शिकवायची, हा क्रम ज्युदोने पक्का केला. तिचे शास्त्र साधे आहे. पडताना मनुष्य स्वाभाविकपणे हात ताठ करून पुढे टेकवतो. साऱ्या देहाचा भार मनगटावर येतो आणि मनगट, कोपर किंवा गळ्याजवळचे हाड मोडते. मागे पडताना मान मागे झुकते आणि डोके जमिनीवर आदळते. ही इजा सर्वांत घातक असते. उकेमी या दोन्ही स्वाभाविक चुका मोडून काढते. मागे पडायचे तर हनुवटी छातीशी लावायची आणि नजर कमरेच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोके आपसूक वर राहते. पाठ चेंडूसारखी गोल करायची आणि पाठ टेकण्याच्या क्षणी दोन्ही हात, तळव्यांपासून खांद्यांपर्यंत, अंगापासून थोड्या तिरप्या कोनात चटईवर एकदम मारायचे. श्वास रोखायचा नाही, तो सोडायचा. कुशीवर पडताना त्या बाजूचा हात हेच काम करतो. समोर पडताना कोपरे वाकवून संपूर्ण अग्रबाहूंवर भार घ्यायचा. पुढे वेग असेल तर हातापासून खांद्यावर, खांद्यावरून पाठीवर तिरपे, आणि विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत असे लोळण घेऊन त्याच वेगाने उभे राहायचे. या साऱ्यांमागचे तत्त्व एकच : आघात एका बिंदूवर आणि एका क्षणात झेलायचा नाही, तो अधिक जागेवर आणि अधिक वेळात वाटून टाकायचा.

हा धडा एकदम उभ्याने सुरू होत नाही. शिष्य प्रथम उताणा पडून केवळ हात मारायला शिकतो. नंतर बसून, मग उकिडवे बसून आणि शेवटी उभे राहून पडतो. उंची वाढते तसतसे भय कमी होत जाते. पडण्याच्या भीतीने ताठरलेले अंग अधिक दुखावते आणि ताठरलेला खेळाडू नवे काही शिकूही शकत नाही. ज्याला पडणे जमते तो निर्धास्तपणे डाव टाकून पाहतो, फसतो, उठतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. ज्युदोत मुक्त सरावाला एवढे महत्त्व देता आले, ते या पायावर.

कानो यांनी या धड्याची दुसरी बाजूही तितक्याच आग्रहाने मांडली. पाडणाराही पडणाऱ्याच्या सुरक्षिततेला जबाबदार असतो. डाव टाकल्यावर त्याने जोडीदाराची बाही सोडायची नाही. ती वर ओढून धरायची, म्हणजे पडणाऱ्याचे डोके उचललेले राहते आणि त्याला हात मारायला अवसर मिळतो. युरोपच्या पहिल्या दौऱ्याहून 1891 साली परतताना बोटीवर घडलेला प्रसंग म्हणून एक कथा सांगितली जाते. एका धिप्पाड परदेशी प्रवाशाने कानो यांना बळ आजमावण्याचे आव्हान दिले. कानो यांनी त्याला सहज उचलून टाकले. परंतु तो डेकवर आदळण्यापूर्वी त्याच्या डोक्याखाली स्वतःचा हात दिला. लोकांना कौतुक वाटले ते त्या डावापेक्षा त्या हाताचे. पुढे त्यांनी ज्युदोची दोन सूत्रे सांगितली : शक्तीचा सर्वोत्तम उपयोग, आणि आपले व दुसऱ्याचे परस्परांच्या साहाय्याने कल्याण. दुसरे सूत्र त्या हातात आधीच होते.

त्याच वर्षी ते कुमामोतोच्या उच्च विद्यालयाचे प्रमुख झाले. पुढे प्रसिद्धीस आलेले लेखक लाफ्काडिओ हर्न तेथे इंग्रजी शिकवीत होते आणि कानो यांच्या विद्येविषयी पाश्चात्त्य वाचकांना प्रथम माहिती देणाऱ्यांत त्यांचा समावेश होतो. 1893 साली कानो यांच्याकडे तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्राचार्यपद आले आणि मधले थोडे खंड वगळता 1920 पर्यंत ते त्यांनी भूषवले. देशभरातील शाळांत जाणारे शिक्षक तेथे घडत. धावणे, पोहणे यांसारख्या व्यायामांना त्यांनी विद्यार्थ्यांच्या जीवनात मानाचे स्थान दिले. चीनमधून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी स्वतंत्र विद्यालय काढले. पुढे आधुनिक चिनी साहित्याचे अध्वर्यू ठरलेले लू शुन हे 1902 साली त्या विद्यालयात दाखल झाले होते.

1909 साली कानो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. हा मान मिळवणारे ते आशियातील पहिले. तीन वर्षांनी स्टॉकहोमच्या स्पर्धेत जपान प्रथमच उतरला, तो केवळ दोन खेळाडूंसह. त्यांपैकी मॅरेथॉन धावणारे शिझो कानाकुरी उन्हाच्या तडाख्याने वाटेतच कोसळले आणि शर्यत पूर्ण करू शकले नाहीत. दुसरे धावपटू याहिको मिशिमा यांनाही पदक मिळाले नाही. मायदेशी परतणे दोघांनाही जड गेले असेल. परंतु पहिल्या पडण्याला शेवट मानणे कानो यांच्या शिकवणीत बसत नव्हते. कानाकुरी पुढे आयुष्यभर धावत राहिले, इतरांना धावायला शिकवत राहिले आणि जपानी मॅरेथॉनचे जनक म्हणून गौरवले गेले. स्टॉकहोमनंतर सोळा वर्षांनी, 1928 मध्ये, तिहेरी उडीत मिकिओ ओदा यांनी जपानला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

कानो यांची विद्या भारतातही आली. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या आमंत्रणावरून कोदोकानचे शिंझो ताकागाकी 1929 साली शांतिनिकेतनात ज्युदो शिकवण्यासाठी आले. तेथे मुलांप्रमाणे मुलींनीही चटईवर पडण्याचे धडे घेतले. त्या काळाच्या मानाने हे मोठेच धाडस होते.

मुलींविषयी स्वतः कानो यांची भूमिकाही काळाच्या पुढची होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच त्यांनी स्त्रियांना शिकवण्यास आरंभ केला होता आणि 1926 साली कोदोकानमध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. 1935 साली तेथे केइको फुकुदा ही तरुणी दाखल झाली. कानो यांना आपटून आपटून शिकवणाऱ्या फुकुदा गुरूंची ही नात. पाच फुटांहूनही कमी उंचीच्या या मुलीने पुढे अमेरिकेत आयुष्यभर ज्युदो शिकवला. वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, 2011 साली, अमेरिकेच्या ज्युदो संघटनेने तिला दहाव्या दानचा सर्वोच्च सन्मान दिला. आजोबांचे ऋण कानो यांनी नातीला शिकवून फेडले, असे म्हणता येईल.

कानो यांचे अखेरचे स्वप्न होते तोक्योत ऑलिंपिक भरवण्याचे. 1936 साली बर्लिन येथील बैठकीत 1940 च्या स्पर्धेचा मान तोक्योला मिळाला. त्याच उन्हाळ्यात बर्लिनला अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवण्यासाठी गेले होते. परंतु 1937 साली जपान आणि चीन यांच्यात युद्ध पेटले आणि तोक्योच्या यजमानपदावर प्रश्नचिन्ह उभे राहिले. 1938 च्या मार्चमध्ये सत्त्याहत्तर वर्षांचे कानो कैरोच्या बैठकीला गेले आणि त्यांनी तोक्योचा पक्ष राखला. परतीच्या प्रवासात, हिकावा मारू या बोटीवर, 4 मे 1938 रोजी न्युमोनियाने त्यांचे निधन झाले. मातृभूमीचा किनारा दोन दिवसांवर होता. त्याच वर्षी जुलैमध्ये जपानने ती स्पर्धा भरवण्याचा मान परत केला. ज्या चिनी तरुणांसाठी कानो यांनी विद्यालय काढले होते, त्यांच्या देशावर जपानी सैन्य चालून गेले होते. परस्परांच्या कल्याणाचे सूत्र सांगणाऱ्याच्या वाट्याला आलेला हा सर्वांत कठोर पराभव होता, आणि त्यातून उठण्यासाठी ते राहिले नाहीत.

महायुद्धानंतर जपानमधील शाळांत ज्युदोवर बंदी आली. ती 1950 मध्ये उठली. 1964 साली तोक्योत ऑलिंपिक भरले, तेव्हा ज्युदोचा त्यात प्रथमच समावेश झाला. स्त्रियांच्या ज्युदोला 1992 साली पदकांचे स्थान मिळाले.

मात्र कीर्ती वाढली म्हणून शिकवण टिकतेच असे नाही. 1983 नंतरच्या तीन दशकांत जपानच्या शाळांमध्ये ज्युदोच्या सरावात शंभराहून अधिक मुले दगावली. त्यांपैकी अनेक मुले नवशिकी होती आणि मृत्यूचे प्रमुख कारण डोक्याला झालेली इजा हे होते. मुले गमावलेले पालक संघटित झाले, त्यांनी प्रश्न विचारले, आणि उकेमी पक्की झाल्याशिवाय डाव नको, डोक्याला मार लागला तर सराव तत्काळ थांबवावा, या गोष्टींकडे शिक्षकांचे लक्ष नव्याने वेधले गेले. ज्या देशात उकेमीला एवढे मानाचे स्थान मिळाले, त्याच देशात पहिला धडा घाईने उरकला गेला तेव्हा काय घडते, याचा हा दारुण पुरावा आहे.

आपल्याकडच्या क्रीडांगणांवर ज्युदोची चटई क्वचितच असते. परंतु खो-खोत सूर मारणारी मुलगी, कबड्डीत पकडीतून निसटताना कोलमडणारा चढाईपटू, झेलासाठी मागे धावताना तोल जाणारा क्षेत्ररक्षक, चाकांच्या बुटांवरून घसरणारे लहान मूल, हे सारे पडतातच. कठीण जमिनीवर हात आपटण्याचा उपयोग नसतो. तेथेही हनुवटी छातीशी, पाठ गोल, कोपरे वाकलेली आणि वेग लोळणीत जिरवलेला, एवढे अंगवळणी पडले असेल तर पुष्कळ इजा टळतात. ही विद्या वाचून येत नाही. जाणकार शिक्षकाच्या नजरेखाली, मऊ चटईवर किंवा भुसभुशीत मातीत, कमी उंचीपासून सुरुवात करून ती रोज थोडीथोडी गिरवावी लागते.

मुलाला इजा होऊ नये म्हणून त्याला मैदानापासून दूर ठेवणारे पालक असतात, आणि लागल्याशिवाय खेळ येत नाही असे म्हणून त्याला तसेच लोटणारेही असतात. कानो यांनी फुकुदा गुरूंच्या आखाड्यात दुसरी रीत सोसली होती, आणि पहिली वडिलांच्या नकारातून अनुभवली होती. त्यांनी स्वतः निवडली ती या दोहोंहून वेगळी रीत : मुलाला पडू द्यायचे, पण आधी पडायला शिकवून, आणि त्याची बाही हातात धरून. आज कोदोकानमध्ये येणारा नवशिका, मग तो बालक असो वा प्रौढ, हनुवटी छातीशी लावून प्रथम चटईवर हात मारायलाच शिकतो.